शेजारच्या खुर्चीतल्या बाई

ब्राउनश्वाइगला नातीबरोबर व्हिएन्नाच्या जुन्या संगीताची मैफल ऐकायला गेले होते. शेजारच्या जर्मन बाई माझ्याच वयाच्या. मांडीवर स्वरलिपीचं पुस्तक, ओळींवरून बोट फिरवत ऐकत होत्या. एका जागी व्हायोलिननं असा काही सूर लावला की माझ्या तोंडून मोठ्यानं "वा!" निघून गेलं. अहो, अख्खं सभागृह वळून बघायला लागलं!

"आजी, प्लीज!" नात खुर्चीत खाली सरकली. वाटलं, आता ही मला परत कधी आणायची नाही.

मध्यंतरात मी नातीकरवी बाईंची माफी मागितली. त्यांनी पुस्तक पुढे केलं. "नेमकं कुठे?"

मी गुणगुणले. त्यांनी पेन्सिलीनं बारीक खूण केली.

"इथे मी पन्नास वर्षं खोटंच खोकतेय," त्या म्हणाल्या. "नाहीतर माझ्याही तोंडून निघेल काहीतरी."