बचतीच्या तासाचा फोटो

आमच्या शाळेत बचत शिकवायला माणसं येणार म्हणून हेडसरांनी माझे शनिवारचे गणिताचे दोन तास काढून घेतले, तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. लालबागच्या मराठी शाळेतली ही पोरं. महिनाअखेर कशी काढायची हे आईच्या कडेवर बसून शिकलेली. त्यांना बचत शिकवायची म्हणजे कोळ्याच्या पोराला पोहायला शिकवायचं.

"बाई, कंपनी फुकट शिकवतेय. वर प्रोजेक्टर पण देणार आहे शाळेला," हेडसर म्हणाले.

प्रोजेक्टरपुढे माझ्या दोन तासांची काय पत्रास! मी नववीची वही मिटली. तो प्रोजेक्टर अजून यायचाय.

व्हॉलंटिअर आले ते आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या काचेच्या टॉवरमधून. सगळ्यांच्या अंगात एकसारखे निळे टी-शर्ट. त्यांच्या म्होरक्या एक मॅडम होत्या. त्या वर्गात यायच्या नाहीत, ऑफिसात हेडसरांबरोबर चहा घ्यायच्या. शिकवायचा तो शिवाजी पार्कात राहणारा एक तरुण मुलगा. तो वाईट नव्हता, हे आधीच सांगते. मराठी स्वच्छ बोलायचा, मनापासून शिकवायचा आणि आमच्या पंख्याखाली घामाघूम व्हायचा. पहिल्या शनिवारी त्याने फळ्यावर दोन रकाने पाडले, गरज आणि हौस. मुलांनी गणपतीची वर्गणी गरजेच्या रकान्यात घातली.

"वर्गणी ही गरज कशी काय?" त्याने विचारलं.

"सर, तुम्ही लालबागमध्ये उभे आहात," मागच्या बाकावरून उत्तर आलं.

अख्खा वर्ग हसला. तोही हसला. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या शनिवारचा धडा होता, पैसे डब्यात ठेवू नका, संस्थेत ठेवा. भिंतीवर चित्र होतं. डब्यातला पैसा तेवढाच राहतो आणि संस्थेतल्या पैशाला पालवी फुटते. तेवढ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीने हात वर केला. गणितात पहिली येणारी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी पोर.

"सर, संस्थेत ठेवले आणि संस्थाच बंद पडली तर?"

"असं सहसा होत नाही गं."

"आमचं झालंय," ती म्हणाली आणि खाली बसली.

मला ते दिवाळीतच कळलं होतं. तिची आई मसाल्याच्या दुकानात मिरच्या खुडते, पुड्या भरते. वडिलांचा वॉचमनचा पगार घरात पुरत नाही, म्हणून मुलीच्या दहावीनंतरच्या सायन्सची सोय आईने स्वतःच लावली होती. पतपेढीचा माणूस रोज संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर यायचा आणि ती त्याच्या हातात त्या दिवसाचे पैसे ठेवायची. कित्येक वर्षं. मग एक दिवस तो आला नाही. पतपेढीचं शटर खाली होतं आणि त्यावर प्रशासक नेमल्याचा कागद चिकटवलेला होता. त्या बाईने डब्यात पैसे ठेवले असते तर आज ते डब्यात असते. भिंतीवरच्या पालवीकडे बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तास संपल्यावर तो तरुण स्वतःहून तिच्याकडे गेला. "पुढच्या शनिवारी पासबुक घेऊन ये. काय करता येईल ते बघतो मी," म्हणाला. मी ऐकलं आणि, कबूल करते, मलाही बरं वाटलं. एवढी मोठी कंपनी, तिच्यात वकील असतील, सीए असतील. कोणीतरी एक अर्ज नीट लिहून देईल, कुठे जायचं ते सांगेल. त्यापेक्षा जास्त काही तिला नकोच होतं.

पुढच्या शनिवारी ती पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घेऊन आली. हिरवं पुस्तक, पुठ्ठ्यावर पतपेढीचं नाव आणि समईचं चित्र, आणि समईच्या अंगावर आईच्या बोटांनी लागलेला मसाल्याचा लाल डाग. तो दिवस नेमका समारोपाचा निघाला. फळ्यावर बॅनर, टेबलावर सर्टिफिकेटं, आणि मॅडम पहिल्यांदाच वर्गात. तरुण त्यांच्याशी बाजूला जाऊन बोलला. मॅडमनी मान हलवली. "पर्सनल केसेस आपण घेत नाही. उद्या लीगल इश्यू झाला तर?" हे त्या हळू बोलल्या नाहीत, त्यामुळे मला ऐकू आलं. मुलीलाही आलंच असेल.

तो परत आला. "सॉरी, हे आमच्या मॉड्यूलमध्ये बसत नाही," म्हणाला आणि एका कागदावर तक्रारीचा नंबर लिहून दिला. तो नंबर नंतर मी आणि तिने स्टाफरूममधून लावला. प्रशासक नेमलेत, वाट बघा, असं तिकडून सांगितलं. तेवढं तर शटरवरच लिहिलं होतं!

त्या दिवशी ती नंबरच्या कागदाची घडी घालत होती, तेवढ्यात कंपनीच्या फोटोवाल्याची नजर पासबुकावर पडली. चार शनिवार नुसते टी-शर्ट आणि फळा टिपून तो कंटाळला असणार. "अरे वा! हे भारी आहे. छातीशी धर ना, हां, तसंच."

मी पुढे झाले. "अहो, ते बुडालेल्या पतपेढीचं पासबुक आहे."

"दिसणार नाही मॅडम, नाव ब्लर करू आपण," तो म्हणाला. आणि तिला, "हस ना जरा!"

सांगितलं ते करायचं, असंच आम्ही तिला शाळेत शिकवलेलं. ती हसली.

जूनमध्ये प्रोजेक्टर आला नाही, फ्रेम आली. वर्गाच्या फळ्याएवढी. खाली मोठ्या अक्षरांत 'माझी बचत, माझं भविष्य'. हेडसरांनी ती जिन्यासमोरच लावली. ती काढा म्हणून मी भांडले. "बाई, कंपनी पुढच्या वर्षी पण येणार आहे. आणि मुलगी किती गोड आलीय बघा," हे त्यांचं उत्तर. आता दहावीत गेलेली ती मुलगी मधल्या सुट्टीत मागच्या जिन्याने उतरू लागली. उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिलेत. पण शेळीचाच फोटो काढून तिच्या दारात टांगणारे हे पहिलेच.

मग दहावीची पालकसभा आली. तिची आई दुकानातून थेट आली होती, पदराला मसाल्याचा वास. सभा संपली, सगळे पालक उतरले, तरी ती फ्रेमसमोर उभी होती. मी जवळ गेले. तिने काचेवर बोट ठेवलं, समईवरच्या त्या लाल डागावर. पतपेढीचं नाव त्यांनी पुसलं होतं. डाग राहिला होता.

"बाई, ह्यां पुस्तक माझांच मां?"

"हो," मी म्हटलं.

तिचा चेहरा उजळला. एवढा उजळलेला तो मी कधी पाहिला नव्हता. "एवढ्या मोठ्या कंपनीन भिंतीर लावल्यान, म्हणजे मनार घेतल्यान वाटता. माका ह्या पोरीन काय एक सांगूक नाय. मगे आता पैशे गावतले मां, बाई?"

मला त्या मॅडमना हाताला धरून तिथे आणून उभं करावंसं वाटलं. उत्तर त्यांनी द्यायला हवं होतं. ते मला द्यावं लागलं.

"नाही हो. त्यांनी नुसता फोटो काढला."

तिने बोट डागावरून मुलीच्या चेहऱ्यावर नेलं. मग मला विचारलं, "मगे ती हसता कित्याक?"

"फोटोवाल्याने सांगितलं म्हणून," मी म्हटलं.