डाळ शिजेल ते घर

घर बघायला जाताना लोक सोबत एखादा जाणकार नेतात. माझी बायको कुकर न्यायची. लहानसा, दोन माणसांपुरता, कापडी पिशवीत घातलेला, आणि त्यातच एका डबीत मूठभर तूरडाळ. दिल्लीतल्या निम्म्या दलालांनी शालिनीला वेड्यात काढलं असेल. मला विचाराल तर त्या अवाढव्य शहरात तिच्याइतकं शहाणं माणूस मला भेटलेलं नाही, आणि हे मी तिचा नवरा असून म्हणतोय.

पंच्याण्णव साली माझी पुण्याहून गुरगावला बदली झाली. तिथे शेतं संपत होती आणि काचेच्या इमारती सुरू होत होत्या. पुण्यातल्या दोन खोल्यांच्या भाड्यात आम्हांला तीन बेडरूमचं घर मिळालं, वर गच्ची, मागे अंगण. मी नुसता हवेत होतो. लगेच अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बोलावून घेतलं. आई गेल्यापासून ते पुण्यात एकटेच राहत होते. तोंडात दात नाही आणि कवळी घालायची नाही हा हट्ट, त्यामुळे दोन्ही वेळा मऊ भात आणि घोटलेलं वरण. एवढंच त्यांचं मागणं.

आणि त्या घरात वरणच शिजेना. बोअरचं पाणी खारट. कितीही शिट्ट्या काढा, डाळ आपली टणक ती टणक. सोडा घातला तर अण्णांचं पोट बिघडायचं. टँकरवाला आणायचा तेही दुसऱ्या कुठल्या बोअरचंच. अण्णा कधी चकार शब्द बोलले नाहीत. पाहुण्याने तक्रार करू नये, अशी त्यांची जुनी शिस्त. दूधभातावर दिवस काढले, वाळले, आणि एका सकाळी म्हणाले, "घर मोठं आहे हो तुमचं. मला आता गाडीत बसवून दे."

त्यांना सोडून परत येताना शालिनी रडली नाही, चिडली. "अण्णांना इथे आणायचं, ते कायमचं," ती म्हणाली. "यापुढे घर मी बघणार."

मग तो कुकर आला. घरमालक मार्बल दाखवायचा, ही त्याच्या बायकोला म्हणायची, "भाभीजी, आपका गॅस जरा यूज़ करूं?" मी व्हरांड्यात तोंड लपवून उभा. एका दलालाने तर विचारलंच, "मॅडम, घर लेना है या ढाबा खोलना है?"

"पहले दाल, फिर बयाना," ही म्हणाली. बयाना म्हणजे तिकडचा विसार.

दोन वर्षं आम्ही भाड्याची घरं बदलली. डाळ कुठे धड शिजली नाही, म्हणून अण्णाही आले नाहीत. तोवर ऑफिसातल्या सगळ्यांनी एका नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतले. पोहण्याचा तलाव, क्लब, लिफ्ट. मीही नववा मजला पसंत केला, बँकेचं कर्ज मंजूर करून आणलं. शालिनीने तिथल्या बोअरचं पाणी बाटलीत भरून घरी नेलं, डाळ लावली आणि माझ्या हातावर खड्यासारखा दाणा ठेवला.

"विकतचं पाणी आणू की वरणापुरतं!" मी ओरडलो.

"म्हणजे अण्णांनी आधी बाटलीत पाणी उरलंय का ते बघायचं, मग जेवायला बसायचं? त्यापेक्षा त्यांना पाहुणेच राहू दे ना!"

मी दोन दिवस अबोला धरला. तिने त्या दोन दिवसांत आणखी घरं बघितली.

शेवटी यमुनेपलीकडे, मयूर विहारमध्ये, तळमजल्यावरचा एक जुना फ्लॅट सापडला. टॉवरच्याच किमतीत निम्म्या खोल्या, रंगाचे पोपडे, आणि माझं ऑफिस चार्टर्ड बसने जायला दोन तास, यायला दोन तास. पण नळाला कालव्याने आलेलं गंगेचं गोडं पाणी. म्हाताऱ्या घरमालक सरदारजींच्या स्वयंपाकघरात तिने झाकण उघडलं, एक दाणा माझ्या बोटांत दिला. मी दाबला. लोणी झालं होतं. सरदारजींनी उरलेली डाळ मीठ घालून तिथेच संपवली, आणि मी सही केली. ऑफिसात पुढे वर्षभर माझी थट्टा झाली, खुशाल होऊ दे.

अण्णा आले ते परतीचं तिकीट कोटाच्या खिशात घेऊनच. शालिनीने पान वाढलं. मऊ भात, वरण, तूप, लिंबाची फोड. त्यांनी भात कालवला. आम्ही दोघं समोर, जीव मुठीत धरून. एक घास, दुसरा, मग मान खाली घालून ते जेवतच राहिले. पुन्हा वरण मागून घेतलं. माझ्या बायकोचा इतका अभिमान मला आयुष्यात कधी वाटला नव्हता. सगळ्या टॉवरवाल्यांना बोलावून दाखवावंसं वाटलं.

हात धुऊन आल्यावर अण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"शालिनी, हिंग कमी पडलाय. उद्यापासून नीट घालत जा."

त्यांनी आमच्या घरात केलेली ती पहिली तक्रार. मग खिशातून तिकीट काढून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "विनय, हे परत करून ये."