सुकलू पेंटरचा सरळ नकाशा

सुकलू पेंटर मासेमाऱ्यांच्या घरातला. बापाने जाळं विणायला शिकवलं, पण पोराच्या हातात ब्रशच रमला. पस्तीसेक वर्षांपूर्वी चामोर्शीजवळच्या एका फाट्यावर बसथांबा झाला, आणि भिंतीवर बसमार्गांचा नकाशा काढायचं काम त्याच्याकडे आलं.

आधी त्याने रस्ते होते तसेच वळणावळणाचे काढले. गावांची नावं एकमेकांवर चढली. तीन दिवसांची मेहनत चुन्याखाली गेली. मग त्याने गेरूत भिजवलेली दोरी ताणून सगळे रस्ते सरळ केले. वळायचंच तर काटकोनात. वैनगंगेचीही निळी पट्टी झाली.

"वळणं डायवर पाह्यते," तो बायकोला, प्रेमिलाला म्हणाला. "पासिंजरले फक्त उतराचं असते."

लोक खूश झाले. फक्त गावातले इस्तारीभाऊ सोडून. त्यांची लेक नुकतीच कुरखेड्याला दिलेली. एक दिवस बस चुकली. नकाशात कुरखेडा चामोर्शीच्या वर दोनच बोटं, कारण पुढे भिंत संपत होती. भाऊ कोंबडा बगलेत मारून पायीच निघाले. दुपारी एका ट्रकवाल्याने सांगितलं, अजून ऐंशी किलोमीटर. संध्याकाळी ते थेट सुकलूच्या दारात.

"काऊन रे, हे तुहे दोन बोटं?"

"भाऊ, थांबे मोजाचे, बोटं नाई."

"मंग तसं लिहून ठेव ना!"

प्रेमिलाने भाऊंना जेवू घातलं. कोंबड्यालाही तांदूळ टाकले. सकाळी सुकलूने नकाशाखाली ठळक लिहिलं : 'पायी जाणाऱ्यांसाठी नाही.'

गेल्या वर्षी नागपूरहून पायल आली. जुन्या बसनकाशांचा अभ्यास करणारी विद्यार्थिनी. फोटो काढून झाल्यावर तिने म्हाताऱ्या सुकलूला विचारलं, "काका, गोंडपिपरीची रेघ इथे एकदम खाली वळते. नदी ओलांडल्याची खूण ना?"

सुकलू ओशाळला. "नाई बाई. भिंतीले तिथी नळ होता."

पायलने वहीतली दोन पानं खोडली आणि पोट धरून हसली. थांबा पाडणार होते, म्हणून तिने तोच नकाशा पत्र्यावर काढून मागितला. सुकलूचा हात आता थरथरे, पण दोरी अजून सरळ होती. बघ्यांची गर्दी जमली.

"सुकलूभाऊ," आतल्या वस्तीतल्या मीराबाई पुढे आल्या, "आमचा टोला जरा रस्त्याजवळ सरकव ना. लई चालाव लागते."

सुकलूने इकडेतिकडे पाहिलं आणि टोला बोटभर अलीकडे घेतला. मीराबाई समाधानाने घराकडे चालू लागल्या.