क्वांटमला शिस्त लावणारी ओळ

आधी ताईंचं सांगतो, बाकीचं मग. वाशीमच्या ऑफिसात मला खुर्ची दिली ती त्यांनी, आणि ती खुर्ची जायची वेळ आली तेव्हा माझ्यासाठी बोलल्या त्याही त्याच. त्यांच्या घरचा गावाला लागून भाजीचा मळा आहे. सकाळी मेथी-वांगी बाजारात पोचवून त्या ऑफिसला येतात आणि दिवसभर प्रोग्राम लिहितात.

मी देवगडकडचा. वडील आजारी पडले आणि नववीत शाळा सुटली. जमिनीखालून इंटरनेटची केबल टाकणाऱ्या ठेकेदाराबरोबर फिरत फिरत इकडे आलो. त्या ऑफिसात लाइन जोडून झाली, सोबती खाली गाडीत जाऊन बसले, आणि मी मात्र ताईंच्या स्क्रीनकडे बघत तसाच उभा.

"काय पाहून राह्यला? बस ना," त्या म्हणाल्या.

मी बसलो. पुढे ठेकेदाराचं काम दुसऱ्या राज्यात गेलं, तेव्हा ताईंनी आमच्या सरांशी, म्हणजे ऑफिसच्या मालकांशी बोलून मला तपासणीच्या कामावर ठेवून घेतलं. सर म्हणाले होते, "नववी शिकलेलं पोरगं इथं काय करन? बरं, दिवाळीपर्यंत पाहू."

दिवाळीपर्यंत. हा शब्द मी उशाला घेऊन पडायचो. ठेकेदार गेलेला, गावी काम नाही, आणि आईला फोनवर सांगून बसलेलो की मी कॉम्प्युटरवर लागलो. तिने ते वाडीभर सांगितलेलं.

आमच्या ऑफिसात आडत्यांसाठी, म्हणजे शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी, प्रोग्राम बनतात, वजनाच्या काटापट्टीचे आणि बिलाचे. खालच्या मजल्यावर बी-बियाण्यांचं दुकान, वर आम्ही. तेच पोतं, तोच भाव घालून मी पुन्हा पुन्हा बिल काढून बघायचो. दर वेळी तोच आकडा यायला हवा. वेगळा आला की कुठेतरी चूक आहे, हे ताईंनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मला ते फार आवडलं. तेवढा एक आकडा तरी भरवशाचा होता.

लाइट गेली की सगळे ताईंच्या टेबलाभोवती चहा घेऊन जमायचे आणि एक फाइल उघडायचे. तिचं नाव 'क्वांटम'. ताईंखेरीज दोघं प्रोग्रामर होते, एक रिसोडचा, एक मंगरूळपीरचा. तिघांनी मिळून पायथॉन या प्रोग्रामच्या भाषेत क्वांटम कॉम्प्युटरची नक्कल चालवली होती.

"मोठमोठे शास्त्रज्ञ बर्फाहून थंड मशीन बनवून राह्यले," रिसोडवाला म्हणायचा, "अन् आपण इन्व्हर्टरवर उरकलं."

"पंचवीस क्यूबिट टाकून पाह्य बरं," मंगरूळवाला म्हणायचा. "कॉम्प्युटरचा पंखा असा ओरडते, खालचं गिऱ्हाईक वर येते."

"पण गड्या, हे एकाच वेळी शून्य बी अन् एक बी, कसं काय?" रिसोडवाला विचारायचा.

"तुयं लग्न कसं हाय? पोरगी पाहाले जायपर्यंत जमलेलं बी हाय अन् मोडलेलं बी."

"अन् पाह्यलं का?"

"पाह्यलं का मोडते!"

सगळे हसायचे. मीही हसायचो. क्यूबिट म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं, आणि मी हसण्यात मागे पडतो की काय याचीच भीती वाटायची.

त्या ऑफिसची एक रीत होती. नव्या माणसाने त्या फाइलमध्ये आपली एक ओळ लिहायची. दिवाळी जवळ आली तसा एके दुपारी रिसोडवाला म्हणाला, "आता कोकणवाल्याची पाळी." मला घाम फुटला. त्यांनी आधी ती फाइल चालवून दाखवली. शून्य आलं. पुन्हा चालवली, एक आला. परत एक. मग शून्य. आत काहीच बदललं नव्हतं, तरी उत्तर दर वेळी वेगळं. मग वाटलं, अरे, ही तर चूक आहे, आणि ही मला काढता येते! तपासणीचे खोटे आकडे नेहमी सारखेच यावेत म्हणून सुरुवातीचा आकडा बांधून टाकायला ताईंनी शिकवलं होतं. त्याला सीड म्हणतात, म्हणजे बी. मी फाइलच्या वर ती ओळ लिहिली. चालवली. शून्य. पुन्हा शून्य. कितीही चालवा, शून्य.

"झालं दुरुस्त," मी म्हटलं.

मंगरूळवाल्याच्या नाकातून चहा आला.

"अबे, खाली बी विकून राह्यले, यानं वर पेरलं!"

नेमके तेव्हाच सर आत आले. "काय झालं?"

"सर, यानं क्वांटमले शिस्त लावली!"

सर हसले नाहीत. स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे याले काहीच समजलं नाही. मी म्हणत होतो ना, ताई?"

माझी दिवाळीची मुदत तिथेच संपली असं वाटलं. ताई उठल्या.

"नाही समजलं, सर, हे खरं हाय. त्याले कोणी सांगतलंच नाही, आमी नुसते हसत बसलो. पण त्यानं केलं ते आपलंच शिकवलेलं. काट्याचं बिल आज एक अन् उद्या दुसरं आलं, तर चालन का तुमाले? हे ज्याले खपत नाही तोच माणूस तपासणीले पायजे. पुढं याच्या हातून काही बिघडलं तर मले विचारा."

सर आपल्या खोलीत गेले. बाकीचे दोघं आपापल्या जागी जाऊन बसले. ताईंनी खुर्ची ओढली आणि मला सगळं पहिल्यापासून सांगितलं. क्यूबिट म्हणजे शून्य किंवा एक धरणारं सगळ्यात छोटं घर; त्याचं उत्तर आधी ठरलेलं नसतं, मोजलं की ठरतं, आणि ते दर वेळी वेगळं येणं हीच त्याची खरी वागणूक.

सगळं कळलं असं नाही. मी एवढंच विचारलं, "मग हे काम करणारी माणसं झोपतात कशी?"

त्या हसल्या नाहीत. "आमी मेथी टाकतो तवा भाव काय लागन, कोणाले ठाऊक राह्यते? तरी बाबा घोरते."

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सरांनी मला बोलावलं. "राह्य तू. ताईनं तुयी हमी घेतली हाय." एवढंच. मी जिन्यात जाऊन आईला फोन लावला आणि दिवाळीला काय काय आणू ते विचारलं.

माझी ओळ मी पुसायला गेलो तर ताईंनी थांबवलं. तिच्यापुढे खूण टाकून ती नुसती बंद केली, म्हणजे दिसेल पण चालणार नाही. "राहू दे. तुयी ओळ हाय." ती अजून तिथे आहे.

ताईंना ते क्वांटमचं खरंखुरं शिकायचं आहे. पुण्याला वर्ग असतात. पण ते नेमके सोयाबीनच्या हंगामात येतात, आणि हंगामात आडत्यांचे फोन ताईंशिवाय कुणाला उचलता येत नाहीत. दर वर्षी त्या म्हणतात, पुढच्या वर्षी पाहू. 'पाहू' म्हणजे काय असतं ते मला चांगलं माहीत आहे. म्हणून मी एकेक प्रोग्राम आतून समजून घेतोय, चुकत माकत, अजून भीत भीतच. एका हंगामात ते फोन मी घेईन, सगळे. त्या हंगामात त्यांची खुर्ची मी सांभाळीन आणि म्हणेन, ताई, तुम्ही जा.