बाबांची झोप आणि माझा गेमिंग कॉम्प्युटर

कॉन्व्हेंटच्या मैत्रिणींनो, पूर्णेतलं आमचं रेल्वे क्वार्टर आठवतं? विद्यापीठाच्या नामांतर आंदोलनाच्या दिवसांत बस बंद झाल्या की शाळा बुडायची आणि शाहीन, मीना, मी, आपण सगळ्या कॅरम मांडायचो. बाबा रात्रपाळी करून झोपलेले असायचे, म्हणून बोर्डाखाली शाहीनच्या अम्मीनं मला दिलेली गोधडी घालायचो.

आज मी आयुष्यातला पहिला गेमिंग कॉम्प्युटर जोडला! बाबा आता माझ्याकडेच असतात आणि आमची खोली एकच. त्यांची झोप मोडली तर कॉम्प्युटर परत, असं मी स्वतःला बजावलं होतं. दुकानदार रंगीत दिव्यांचा भला मोठा डबा गळ्यात मारत होता. मी मात्र लहान कॅबिनेट, त्यात मावेल असं आखूड ग्राफिक्स कार्ड आणि सावकाश फिरणारा मोठा पंखा निवडला.

दुपारी बाबा झोपले. जुन्या सवयीनं मी कॅबिनेटखाली तीच गोधडी घातली आणि गेम लावला. थोड्याच वेळात पंखे घरघरायला लागले. बाबांनी कूस बदलली. मी हळूच लेकीला फोन करून गोधडीसकट सगळं सांगितलं.

"आई, हवा खालूनच आत जाते! आधी ती गोधडी काढ."

काढली. घरघर थांबली. मोटारींची शर्यत मी जिंकले तेव्हा बाबा चहासाठी उठले.

"अन् ते मशीन कधी लावायलीस गं?"

"तासभर चालूच हाय, बाबा!"

आता वाटणी ऐका. गेम खेळायचा दुसरा कंट्रोलर शाहीनचा, तिनं रविवारी यावं. जुना कॅरम बोर्ड मीनानं न्यावा. गोधडी कुणी मागू नका, चहा पिऊन बाबा तीच पांघरून पुन्हा झोपलेत.