चार बोटं खाली

पानवाली मावशी जिथे बसे तिथे तिचे बोट जमिनीत जाई. लग्नाच्या मांडवात असो की शाळेच्या ओट्याखाली, बोलता बोलता तिचा एक हात माती उकरत असे. जिंतूरकडच्या डोंगरातले आमचे गाव. उतारावरून पळसाची पाने आणायची आणि पत्रावळ्या लावून विकायच्या, यावर तिचे पोट होते. "मावशी, काय पुरून ठेवलंय का हितं?" पाटलाने एकदा चिडवले. "माजं न्हाई, रानाचं हाय," ती म्हणाली. "तुमाला सांगत न्हाई. तुमी काडून विकताल."

निजामाचे राज्य होते. मी शाळेत मास्तर, आणि गावात उर्दू लिहिता येणारा मी एकटाच. एका चैत्रात तो उतार जळाला. कुणी जाळला हे सगळ्यांना ठाऊक होते आणि कुणीही बोलत नव्हते. रान कायमचे संपले असे सरकारी कागदावर आले, की ती जमीन कापसासाठी पाटलाला मिळणार होती.

तिसऱ्या दिवशी मावशीने मला वर नेले. काळ्या राखेत बसून तिने खुरप्याने माती बाजूला सारली. "घाला हात. लाजू नका, मास्तर." वरची माती भाजून भुगा झाली होती. चार बोटे खाली ती गार लागली. त्या गार मातीतून तिने बिया वेचून माझ्या तळहातावर ठेवल्या. तरवडाच्या, खैराच्या, सागाच्या. वर्षानुवर्षे झडून, पालापाचोळ्याखाली दडपून राहिलेल्या. "सागाचं बी लय टणक. उगाच उगवत न्हाई. असा जाळ लागला की नरमतं," ती म्हणाली. "पाऊस पडू द्या, मंग बघा. फकस्त नांगर लावू नका म्हणावं."

जंगलखात्याचा दरोगा पंचनाम्याला आला तेव्हा ती जळक्या मातीची टोपली घेऊन चावडीवर हजर झाली. "ह्यात म्या काई पेरलं न्हाई, साहेब. पाणी घाला आन् पंदरा दिस थांबा."

"मिट्टी को गवाह बनाके लायी क्या, बुढिया?"

"माणसं गप बसलीत. मंग कुणाला आणू?"

पाटलासकट सगळे लोक हसले. दरोगाही हसला आणि त्याने मजकूर सांगायला सुरुवात केली. जंगल मुळासकट जळाले, पुन्हा उगवण्याजोगे काही उरले नाही. मी लिहिले. माझे अक्षर पाहून त्याने मला शाबासकी दिली. मावशीने कागदात काय आहे ते विचारले, आणि मला ते मराठीत वाचून दाखवावे लागले. ती माझ्याकडे पाहत राहिली. "तुमी तर सोता हात घातला होता," एवढेच म्हणाली. अंगठा तिने दिला नाही. पंचांनी दिला.

मृगात कापूस पेरला गेला, आणि सऱ्यांमधून तिचे रान वर आले. तरवड, टाकळा, खैर, आणि रुंद पानांची सागाची रोपे. पाटलाने त्याला तण म्हटले आणि बाया लावल्या. पाने मिळायची बंद झाल्यामुळे मावशीलाही त्याच खुरपणीला जावे लागले. ती रोप उपटत नसे. शेंडा खुडायची आणि मुळी तशीच ठेवायची. मुकादमाला हे दुसऱ्या वर्षी कळले. त्याने तिला बायांसमोर शिव्या देऊन बांधाबाहेर काढले.

मी तिच्या झोपडीवर गेलो. पंचनामा खोटा होता असा अर्ज करतो, म्हणालो. तिने पिठाचा हात झटकला. "आता लिवता व्हय? लिवा. अक्षर चांगलं हाय तुमचं."

अर्ज केला. उत्तर आले नाही. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही, आणि त्यात तिचे काही चुकले असे मला कधी वाटले नाही.

पुढच्या श्रावणात ती गेली. सरणापाशी पाटीलही आला होता. "बिचारी गरीब होती. कुणाच्या अध्यात ना मध्यात," तो म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या. मग तो माझ्याकडे वळला. "मास्तर, तुमी शिकलेले. दोन शब्द बोला."

"ती बिचारी नव्हती," मी म्हणालो. "रान मेलेलं नाही हे ती चावडीवर सांगत होती. तुम्ही ते ऐकलंत, मी त्याच्या उलट लिहिलं. मरेपर्यंत ती तुमच्यावर आणि माझ्यावर चिडलेली होती."

पाटलाने पागोटे सारखे केले आणि तो वाटेला लागला. ओल्या लाकडांचा धूर उताराकडे जात होता. तिथे त्या दिवशीही बाया ओळीने वाकून सागाची रोपे उपटत होत्या.