मेन स्विचची पूजा

दिवाळीचा आकाशकंदील उतरवायच्या आधीच आमच्या घरातले दिवे डोळे मारायला लागले. मिक्सर लावला की हॉलची ट्यूब फडफडायची, गीझर लावला की बाथरूमचा बल्ब मान टाकायचा, आणि काहीच लावलं नाही तर दोघं आपापल्या मर्जीनं नाचायचे. मी शाळेत गणित शिकवते. त्या उजेडात पेपर तपासताना मला तीनचे आठ दिसायला लागले आणि एका मुलाला पाच मार्क फुकट मिळाले. त्यानं अर्थातच तक्रार केली नाही.

दुसऱ्या कुठल्याही घरात सरळ वायरमन बोलावला असता. आमच्याकडे सासरे होते. तीस वर्षं नाशकातल्या अंबडच्या एका कंपनीत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन. आमच्या रो-हाऊसचं सगळं वायरिंग त्यांनी सुट्टीच्या दिवशी एकट्यानं केलेलं. "या घरात बाहेरच्यानं स्क्रू-ड्रायव्हर काढला तर मी चप्पल घालून निघालो," हे वाक्य मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. नवऱ्याला विचारावं, तर तो पन्नाशीला आलेला माणूस वडिलांसमोर दुसरीतला होतो. "बाबांना विचार," म्हणाला. झालं!

बाबांनी आधी व्होल्टेजला शिव्या घातल्या. मग शेजाऱ्यांच्या बोअरच्या मोटरला. मग माझ्या मिक्सरला, जो बिचारा त्यांच्याच शेंगदाण्याच्या चटणीसाठी झिजत होता. ट्यूब बदलली, बल्ब बदलले, पंख्याचं बटणसुद्धा बदललं. रोज स्टुलावर चढायचे, टेस्टर तोंडात धरून भिंतीकडे टक लावून बघायचे आणि "उद्या बघतो" म्हणून उतरायचे. स्टूल धरायला मी. दोन महिने मी ते स्टूल धरलं.

आता बाबांच्या भक्तीबद्दल सांगायला हवं. देवघरातल्या देवांशी त्यांचं फारसं जमत नाही, पण खंडेनवमीला ते सोवळं नेसायचंच काय ते बाकी ठेवतात. कंपनीत त्या दिवशी एकेका मशीनची पूजा व्हायची. रिटायर झाल्यावर मशीन कुठून आणणार? म्हणून पोर्चमधला मेन स्विच. त्याचं झाकण उघडून ओल्या बोटानं आत हळद-कुंकू, अक्षता, झेंडू, आणि नारळ फोडला की त्याचं पाणी वरून शिंपडायचं. तीस वर्षं करंट हाताळलेला माणूस, पण त्या दिवशी अक्कल गहाण. मी एकदा म्हटलं, "बाबा, याला नैवेद्य कुठल्या पिनमधून द्यायचा?" तर म्हणाले, "हस तू. हा रुसला तर अंधारात जेवशील."

संक्रांतीच्या आठवड्यात पोर्चमध्ये जळका वास यायला लागला. मेन स्विचच्या डब्याला हात लावला तर गरम. माझं धाबं दणाणलं. जेवताना मी स्पष्ट सांगितलं, "बाबा, पुरे झालं. मी वायरमन बोलावतेय. घर पेटवायचंय का?" मला वाटलं, आता ताट सरकवतील, ओरडतील. त्यांनी भाकरीचा तुकडा तसाच ठेवला आणि हळूच म्हणाले, "बोलाव. मग मी या घरात काय करायचं? दूध आणायचं?"

खरं तर भयंकर रागही आला होता, आणि वाईटही वाटलं होतं. दोन्ही एकदम वाटलं की मी भांडी आपटते. तशी आपटली.

रविवारी बाबा कंपनीतल्या जुन्या मित्राबरोबर वणीला देवीच्या दर्शनाला निघाले आणि ते कोपऱ्यावरून वळल्याबरोबर मी फोन केला. चोरून वायरमन बोलावणारी सून नाशकात मी एकटीच असेन. वायरमन दुपारी उगवला. पेठ तालुक्याकडचा होता, मोकळ्या तोंडाचा. खांबावरून लाइट बंद करून त्यानं डबा उघडला, आत बॅटरी मारली आणि बघतच राहिला.

"ताई, लोणचं घातलंय का हो यात?"

न्यूट्रल वायरचा स्क्रू लाल-पिवळ्या चिखलात बुडालेला, खाली हिरवा गंज, वायर काळी पडलेली. "नारळाचं पाणी, हळद, कुंकू... कोन्या गाढवानं केलं हे? घर जळलं असतं की!"

मागे फाटक वाजलं. मित्राच्या गुडघ्यानं वणीतच संप पुकारला होता आणि बाबा गडावर न जाता परत आले होते. हातात पेढ्यांचा पुडा, नजर उघड्या डब्याकडे. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मी केलं," मी वायरमनला म्हणाले. "पूजा मी करते. अक्कल नाही मला."

"मग शिका जरा, ताई," तो म्हणाला.

बाबा दोन पायऱ्या चढून वर आले. "तिनं नाही. मी केलं. आणि मी इलेक्ट्रिशियन आहे."

मग बाबा माझ्याकडे वळले. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. "न्यूट्रल लूज आहे हे मला दिवाळीतच कळलं होतं. पहिल्या दिवशी."

"मग दोन महिने स्टुलावर काय करत होतात?"

"स्क्रू दिसत नाही गं मला," ते म्हणाले. "डबा उघडला की नुसतं धुकं. चुकून फेजला हात लागला असता म्हणून भिंतीवरच काहीतरी करत बसलो."

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला होता. "मला सगळं दिसतं," म्हणून यांनी ती फाइल कपाटावर फेकली होती, आणि आम्हीही ती खाली काढली नव्हती. मी तिथेच पोर्चमध्ये रडले. वायरमन बिचारा आपला स्क्रू घासत बसला. बाबांनी बॅटरी हातात घेतली आणि त्याचं काम होईपर्यंत त्याला उजेड दाखवला. मध्येच म्हणाले, "अजून अर्धा आटा आवळ." त्यानं आवळला.

पुढच्या महिन्यात ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर आम्ही घरी आलो, मी हॉलची ट्यूब लावली. ती शहाण्या मुलीसारखी एकदम लागली आणि लागलेलीच राहिली. बाबांनी तिच्याकडे बघितलं, समाधानानं मान हलवली, आणि मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले.

"अगं, तुझे केस एवढे कधी पिकले?"

"तुमचं स्टूल धरता धरता," मी म्हटलं.